माझ्या नावाने काम करणारे तिघे

सोमवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी माझ्या फोनने मला पहिल्यांदा तो प्रश्न विचारला. मी नेहमीप्रमाणे टेबलावरच डबा उघडला होता आणि पाण्याच्या बाटलीला पुस्तक टेकवून वाचत होतो. पडद्यावर अक्षरं आली: ‘तुमच्या नावाने कोणीतरी आत येत आहे. ते तुम्हीच आहात का?’ खाली दोन चौकोन. हिरव्यात ‘हो’, लालमध्ये ‘नाही’.

मी जरा विचार केला. माझ्या एका हातात घास होता आणि दुसऱ्या हाताचा अंगठा पान एकशे बारावर होता. मी कुठेच आत येत नव्हतो. तेव्हा अंगठा काढून मी ‘नाही’ दाबलं, आणि पान हरवलं.

ही हकिगत कळायला आमचं ग्रंथालय ठाऊक असायला हवं, आणि मला काही सांगणं तितकंसं जमत नाही. तरी प्रयत्न करतो. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी आम्ही बोलकी पुस्तकं तयार करतो. वरच्या मजल्यावर एक लहानशी खोली आहे, तिच्या भिंतींना जाड कापड लावलंय. तिथे बसून लोक पुस्तकं मोठ्याने वाचतात. आमचा आवाजदादा ते ध्वनिमुद्रित करतो, आणि तयार झालेलं पुस्तक चार हजार सभासदांच्या घरच्या यंत्रांवर पोचतं. मी सूचीकार. कुठलं पुस्तक कोणाचं, किती तासांचं, कशाबद्दल, हे मी चौतीस वर्षं लिहीत आलोय. त्या महिनाअखेरीस मी निवृत्त होणार होतो.

तीन महिन्यांपूर्वी आमच्याकडे एक तरुण बाई कॉम्प्युटरचं काम बघायला आल्या. तोवर अख्ख्या इमारतीचा एकच पासवर्ड होता आणि तो पाण्याच्या यंत्रावर चिकटवलेला होता, म्हणजे तहान लागली की उजळणी व्हायची. बाईंनी पहिल्याच दिवशी तो कागद फाडला. “या घरात कोण कोण आहे आणि कोणाला काय करता येतं, एवढं मला कळलं पाहिजे,” त्या म्हणाल्या. मग प्रत्येकाला वेगळी ओळख, वेगळी परवानगी. आवाजदादाला सूचीत ढवळाढवळ करता येईना, मला ध्वनिमुद्रणांत. आवाजदादाने त्यांचं नाव चावीबाई ठेवलं, आणि त्यांनीही ते आनंदाने लावून घेतलं. त्या सोमवारपासून त्यांनी नवीन नियम केला: कोणाच्याही नावाने कोणी आत येऊ लागलं, की फोनवर विचारणा होणार.

मला तेव्हा ठाऊक नसलेली गोष्ट आता सांगतो. अकरा वर्षांपूर्वी एक उंच गृहस्थ महिनाभर येऊन आमचे कॉम्प्युटर लावून गेले होते. जाण्याआधी एकदा ते माझ्या टेबलाशी वाकून म्हणाले होते, “काका, तुमचं नाव वापरू का? तुम्ही काही कुठे जाणार नाही.” मी ‘वापरा’ म्हणालो. मला वाटलं, कुठल्याशा फॉर्मवर साक्षीदार हवा असेल. पण त्यांनी माझ्या नावाने तीन कामं लावून दिली होती, आणि त्या कामांच्या जुन्या परवानग्या चावीबाईंच्या नजरेतून सुटल्या होत्या. पहिलं काम रोज जेवणाच्या सुट्टीत, एक वाजून दहा मिनिटांनी, सगळ्या ध्वनिमुद्रणांची प्रत काढून दुसऱ्या इमारतीतल्या कॉम्प्युटरवर ठेवायचं. यालाच बॅकअप म्हणतात. दुसरं काम सभासदांच्या यंत्रांवर नवा प्रोग्रॅम आणि नवी पुस्तकं बसवायचं. आणि तिसरं दर गुरुवारी चार वाजता मुद्रणाच्या खोलीतला कॉम्प्युटर झाडून रिकामा करायचं, कारण तो छोटा होता आणि पुढच्या आठवड्याला जागा लागायची; गुरुवारी दुपारी एरवी मुद्रण नसायचं. तिघंही मीच. आणि मला पत्ता नाही.

मंगळवारी एक वाजून दहा मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा ‘नाही’. पाठोपाठ एक ईमेल आलं: ‘आपले काम अयशस्वी झाले आहे.’ कोणतं काम ते लिहिलेलं नव्हतं. मी ते दोनदा वाचलं. मला त्यात फारसं खोटं वाटलं नाही, म्हणून मी ते नीट जपून ठेवलं.

बुधवारी मात्र तिसऱ्यांदा ‘नाही’ दाबून मी डबा तसाच बंद केला. माझ्या नावाने रोज ठरल्या वेळी कोणीतरी चोर ग्रंथालयात शिरायला बघत होता. संध्याकाळी घरी मी हिला सांगितलं.

“मग ऑफिसात सांगा ना,” ही म्हणाली.

“सांगेन. पण माझ्याच हातून काही झालं असेल तर? उगाच हात दाखवून अवलक्षण.”

“तुमच्या हातून काय होणार? तुमच्या हातून साधी बरणी उघडत नाही.”

“तेच म्हणतोय. चोराने मलाच का निवडलं?”

“कारण दुसऱ्या कोणी एव्हाना आरडाओरडा केला असता,” ही म्हणाली आणि बरणी स्वतःच उघडली.

मी गुरुवारी सांगायचं ठरवून गेलो. पण गुरुवारी मास्तरीणबाईंचा दिवस होता, आणि त्या दिवशी स्वतःचं रडगाणं कोणाला सांगणार?

मास्तरीणबाई निवृत्त शिक्षिका. आमच्यासाठी वाचणाऱ्यांत सर्वांत जुन्या आणि सभासदांच्या सर्वांत लाडक्या. त्या एकतीस अध्यायांची एक भलीमोठी कादंबरी वाचत होत्या आणि सभासद फोन करकरून शेवट कधी येणार म्हणून विचारत होते. त्यांच्या घशात गाठ निघाली होती. शुक्रवारी शस्त्रक्रिया. गाठ साधीच आहे, डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण नंतर आवाज असाच राहील याची खात्री नाही. म्हणून त्यांनी सोमवारपासून रोज एक असे शेवटचे चार अध्याय वाचायला घेतले होते. एकाच आवाजात पुस्तक सुरू व्हावं आणि त्याच आवाजात संपावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

साडेतीनच्या सुमाराला खोलीबाहेरचा लाल दिवा विझला आणि मास्तरीणबाई गळ्याला रुमाल गुंडाळून बाहेर आल्या. हातात गरम पाण्याचा थर्मास.

“संपलं बाई एकदाचं,” त्या म्हणाल्या. “आवाजदादा, दोन्हीकडे पोचलं ना?”

“पोचतं हो बाई. आपोआप.”

“आपोआप म्हणजे कोण?”

“आपोआप म्हणजे… होतं ते.”

“तीस वर्षं मी वर्गात कोणाचा गृहपाठ आपोआप होऊ दिला नाही. बघून सांगा.”

आवाजदादा मान खाली घालून चावीबाईंच्या टेबलाशी गेला. माझं टेबल शेजारीच. चावीबाईंनी दोन-चार कळा दाबल्या, मग पुन्हा दाबल्या, मग चष्मा वर सरकवला.

“सोमवारपासून बॅकअपच झालेला नाही,” त्या म्हणाल्या. “रोज एक वाजून दहा मिनिटांनी तो दार वाजवतोय आणि रोज कोणीतरी त्याला नाही म्हणतंय.” त्यांची खुर्ची हळूहळू माझ्याकडे वळली. “काका. हे तुमच्या नावाने आहे.”

“हो, तोच तो चोर,” मी म्हणालो. माझा आवाज थोडा वर गेला असावा, कारण मला अभिमान वाटत होता. “चारही दिवस मी त्याला आत येऊ दिलेलं नाही.”

मग आवाजदादा असा हसला की त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला. “काका, तुम्ही आपल्याच वॉचमनला चार दिवस फाटकाबाहेर उभं केलंत!”

चावीबाईंनी मला सगळं समजावून सांगितलं. निदान बॅकअपपुरतं, कारण तेवढंच त्यांनाही तेव्हा दिसलं होतं. माझे कान तापले. कपाटामागे जागा असती तर मी तिथे जाऊन उभा राहिलो असतो.

“पण काका, अहो, मला का नाही सांगितलंत?”

“मला वाटलं माझंच काही चुकलं असेल.”

“चुकलंच आहे!”

“हो ना,” मी म्हणालो. “म्हणजे अंदाज बरोबर होता.”

मास्तरीणबाई मात्र हसत नव्हत्या. “म्हणजे माझे चार अध्याय आत्ता कुठे आहेत?” त्यांनी विचारलं.

“आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर,” आवाजदादा म्हणाला.

“आणि आणखी कुठे?”

“आणखी… कुठेच नाहीत.”

त्यांचा हात गळ्यावरच्या रुमालाकडे गेला. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं. पण आम्हा सगळ्यांच्या आलं.

तेवढ्यात हसण्याचा आवाज ऐकून आमच्या संचालिका, म्हणजे मोठ्या बाई, दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना सगळं थोडक्यात सांगण्यात आलं. मोठ्या बाई कोणावर ओरडत नाहीत, नुसतं “बरं” म्हणतात, आणि ते जास्त लागतं.

“बरं,” त्या म्हणाल्या. “आता?”

“आता काही घाबरायचं कारण नाही,” चावीबाई म्हणाल्या. “एक वाजून दहाची वाट कशाला बघायची? मी आत्ताच बॅकअप हाताने चालू करते. काका, फोन हातात धरा. तो विचारेल. या वेळी मेहरबानी करून ‘हो’ म्हणा.”

मी दोन्ही हातांनी फोन धरला. चावीबाई टाइप करू लागल्या. त्यांच्या पडद्यावर एक लांब ओळ उमटत गेली आणि मी ती वाचत गेलो. समजत काही नव्हतं, पण छापलेलं काही समोर असलं की माझी नजर तिथे जातेच. ओळ संपली. त्यांनी एकदा ती नजरेखालून घातली. शेवटचं बटण दाबायला उजव्या हाताची करंगळी वर उचलली.

आणि माझा फोन थरथरला.

‘तुमच्या नावाने कोणीतरी आत येत आहे. ते तुम्हीच आहात का?’ खाली आकडे उलटे पळू लागले. साठ, एकोणसाठ, अठ्ठावन्न.

“आलं!” आवाजदादा ओरडला. “काका, हो!”

माझा अंगठा हिरव्या चौकोनावर गेला आणि थांबला. चावीबाईंची करंगळी अजून वरच होती.

“तुम्ही दाबलंत का?” मी विचारलं.

“काय?”

“शेवटचं बटण. तुम्ही अजून दाबलेलं नाही.”

“दाबतेच आहे हो. तुम्ही आधी हो म्हणा, वेळ जातोय.”

“पण तुम्ही अजून दाबलंच नाही, तर मग हा कोण विचारतोय?”

“काका,” दारातून मोठ्या बाई म्हणाल्या, “त्या सांगतायत ना? दाबा ‘हो’. मी सांगते.”

चौतीस वर्षांत मी मोठ्या बाईंना, किंवा त्यांच्या आधीच्या साहेबांना, कधी नाही म्हटलेलं नाही. रजेच्या अर्जातसुद्धा मी शेवटी ‘शक्य नसल्यास हरकत नाही’ असं लिहीत असे. आकडे सदतीसवर आले. समोर मास्तरीणबाई, त्यांच्या हातातला थर्मास, गळ्याचा रुमाल. माझ्या मनात एवढंच होतं की हा कोण आहे ते मला माहीत नाही, आणि ज्याला मी ओळखत नाही त्याला माझ्या नावाने आत कसं सोडू? मी डोळे मिटून लाल चौकोन दाबला.

“काकाऽऽ!” चावीबाई आणि आवाजदादा एकदम ओरडले.

मोठ्या बाई “बरं” सुद्धा म्हणाल्या नाहीत.

मग आवाजदादाचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे गेलं. “चार वाजले,” तो सावकाश म्हणाला. “आज गुरुवार. गुरुवारी चार वाजता माझा कॉम्प्युटर रिकामा होतो.”

“रिकामा कोण करतं?” चावीबाईंनी विचारलं.

“ते आपो…” तो म्हणाला, आणि मास्तरीणबाईंकडे बघून गप्प झाला.

चावीबाईंनी टाइप केलेली ओळ पुसून दुसरं काहीतरी उघडलं. बराच वेळ त्या वाचत राहिल्या. पुन्हा बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. “आतला कॉम्प्युटर झाडायचं कामही काकांच्याच नावावर आहे. बॅकअप झालाय की नाही हेसुद्धा ते बघत नाही. आत शिरतं आणि सगळं पुसतं. आत्ता तेच विचारत होतं.” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “आणि मी हो म्हणा म्हणत होते.”

मास्तरीणबाईंनी थर्मास टेबलावर ठेवला.

“चावीबाई,” मास्तरीणबाई म्हणाल्या, “आता ते बटण दाबा बघू.”

या वेळी त्यांनी करंगळी सगळ्यांना दाखवली. “काका, बघा हं. दाबते. दाबलं.” फोन थरथरला. “हा बॅकअपच. शपथेवर सांगते.” मी ‘हो’ दाबलं, आणि मग फोन त्यांच्याच हातात देऊन टाकला.

चारही अध्याय दुसऱ्या इमारतीत पोचायला नऊ मिनिटं लागली. मास्तरीणबाई तोवर खुर्ची ओढून बसल्या आणि गरम पाणी पीत राहिल्या. पोचल्यावरही त्या उठल्या नाहीत. तिकडच्या प्रतीतून प्रत्येक अध्यायाचं पहिलं आणि शेवटचं वाक्य त्यांनी ऐकून घेतलं, वह्या तपासल्यासारखं. मगच त्यांनी पिशवी उचलली.

“पाच वेळा ‘नाही’ म्हणालो, त्यात एकच बरोबर,” त्यांना सोडायला दारापर्यंत जाताना मी म्हणालो. “शाळेत याला नापास म्हणतात.”

“प्रश्न कुठला, त्यावर गुण असतात,” त्या म्हणाल्या. “आणि बरं झालं तुम्ही माझ्या वर्गात नव्हतात. हात वर करायला वर्ष घेतलं असतंत.”

शुक्रवारी सकाळी मी पोचायच्या आत चावीबाईंनी माझ्या टेबलाशेजारी खुर्ची आणून ठेवली होती. “काका, तुमच्या नावाचे हे तिघे आज वेगळे करायचेत. तुम्ही महिनाअखेरीस गेल्यावर तुमचं नाव बंद केलं असतं, तर तिघंही त्याच दिवशी गेले असते. आणि मी डोकं आपटत बसले असते.”

त्यांनी मला आधी एक यादी दाखवली. त्या यादीप्रमाणे मी अकरा वर्षांत एकही रजा घेतलेली नव्हती. मुलीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा मी एक वाजून दहा मिनिटांनी कामावर हजर होतो. इमारतीत सगळ्यांत जास्त अधिकार माझे, मोठ्या बाईंपेक्षाही जास्त. मोठ्या बाईंनी ती यादी हातात घेऊन वाचली आणि म्हणाल्या, “बरं. म्हणजे इतकी वर्षं मी तुमच्या हाताखाली होते.” मी ‘माफ करा’ म्हणालो.

मग आम्ही तिघांना नावं दिली. हे काम आवाजदादाने अंगावर घेतलं: सांभाळ्या, बसव्या आणि झाडू. कोणाला काय करता येईल ते साध्या भाषेत लिहायचं काम चावीबाईंनी मला दिलं. मी सूचीच्या पत्रकावर लिहिलं. सांभाळ्याला सगळं वाचता येईल, प्रत काढता येईल, पण कुठेही काहीही पुसता येणार नाही. बसव्याला प्रोग्रॅम बदलता येईल आणि तयार पुस्तकं यंत्रांवर चढवता येतील, पण मुद्रणाच्या खोलीत पाऊल टाकता येणार नाही. झाडूला फक्त तेवढंच झाडता येईल, ज्याची पोच सांभाळ्याने दिली असेल. कोणालाही पासवर्ड नाही. कामाच्या वेळी प्रत्येकाने आपण कोण ते सिद्ध करायचं, की पंधरा मिनिटांचा पास मिळणार. काम संपलं, पास संपला.

“आणि मी?” मी विचारलं.

“तुम्हाला सूची. महिनाअखेरीपर्यंत. नंतर सभासदाची ओळख देते, हवी तेवढी पुस्तकं ऐका.”

खरं सांगायचं तर मला थोडं हलकं वाटलं. इतका अधिकार अंगावर आहे हे कळल्यापासून मी खुर्चीच्या कडेवर बसत होतो.

दुपारी बसव्याने स्वतःच्या नावाने पहिलं काम केलं. नवा प्रोग्रॅम आणि शेवटचे चार अध्याय चार हजार यंत्रांवर गेले. मी घड्याळाकडे बघत राहिलो, कारण त्याच वेळी मास्तरीणबाईंना शस्त्रक्रियेसाठी आत नेणार होते. माझा फोन टेबलावर पालथा होता. त्याने काहीही विचारलं नाही.

घरी हिला पंधरा मिनिटांच्या पासबद्दल सांगितलं. ही म्हणाली, “मी तुम्हाला चाळीस वर्षांपूर्वी एकदाच आत घेतलं आणि पुन्हा विचारलंच नाही. चूकच झाली म्हणायची.”

सोमवारपासून सभासदांचे फोन सुरू झाले. बहुतेकांना शेवट आवडला होता. दोघींनी रडल्याचं सांगितलं. एका गृहस्थांची मात्र तक्रार होती: शेवटच्या अध्यायात बाई फार घाईने वाचतात. तक्रार नोंदवणं माझं काम, आणि ती वाचणाऱ्याला कळवायची असा आमचा नियम. नियम मोडायचं धाडस होईना आणि कळवायचंही होईना, अशा अवस्थेत मी बुधवारी फळं घेऊन मास्तरीणबाईंच्या घरी गेलो.

त्या उशांना टेकून बसल्या होत्या. तीन आठवडे एक शब्द बोलायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मांडीवर वही आणि पेन्सिल. मी खुर्चीत अवघडून बसलो, हवापाण्याबद्दल बोललो, सांभाळ्याने पाचही दिवस वेळेवर काम केल्याचं सांगितलं आणि शेवटी एका दमात ती तक्रार सांगून टाकली.

त्यांनी पेन्सिल उचलली. अक्षर फळ्यावरच्यासारखं ठसठशीत. ‘त्यांना सांगा, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन असतं तर तुम्हीही पळाला असतात.’

मग थोडं थांबून खाली लिहिलं, ‘डॉक्टर म्हणतात आवाज येईल, पण जाडाभरडा. घोगरा.’

मी वहीकडे बघत राहिलो. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, वही परत ओढून घेतली आणि भराभर आणखी एक ओळ लिहिली.

‘आयुष्यभर गोड आवाजाच्या नायिका वाचल्या. आता जरा दरोडेखोरांचं काहीतरी शोधा.’

मी खिशातून पत्रक काढलं आणि तिथेच लिहायला बसलो. दरोडेखोरांची सात पुस्तकं मला तोंडपाठ आठवली. त्यांतली दोन समुद्रावरची होती, ती चालतील की नाही याची मला खात्री नव्हती, म्हणून त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह घालून मी यादी त्यांच्या हातात दिली. त्यांनी दोन्ही प्रश्नचिन्हं खोडली आणि समुद्रावरच्यांनाच आधी क्रमांक दिले.